मे गुस्ता म्हणजे ‘मला आवडतं’: सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना स्पॅनिश शिकवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी इंदूरची. स्पॅनिश बी-वन, म्हणजे मधल्या, पातळीपर्यंत शिकले आहे, पण लहान मुलांना कधी शिकवलेलं नाही. आमच्या मंडळातल्या सहा ते नऊ वर्षांच्या बारा-पंधरा मुलांचा वर्ग जूनपासून सुरू करायचं ठरतंय. घरी मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी. त्यात चौथी भाषा मुलांना झेपेल का? सुरुवात कुठून करू? आणि पालक म्हणतात, संस्कृतीही शिकवा. म्हणजे नक्की काय शिकवू?”

झेपेल का, ते आधी सांगते. झेपतं. आपल्याकडचं मराठी मूल आजीशी मराठी, रिक्षावाल्या भियाशी हिंदी आणि वर्गात मॅमशी इंग्रजी बोलतं, आणि एकीतून दुसरीत कधी गेलं हे त्याचं त्यालाही कळत नाही. चौथी भाषा आल्यानं त्याच्या डोक्यात गोंधळ होत नाही. गोंधळ असतो तो मोठ्यांच्या अपेक्षांचा.

म्हणून वर्ग सुरू व्हायच्या आधी पालकांना एकदा बसवा आणि कागदावर हिशेब मांडा. आठवड्याला दोन तासिका, प्रत्येकी ३५ मिनिटांची, वर्षाचे ४० आठवडे. बेरीज होते ४६-४७ तास. माद्रिदमधलं मूल एवढं स्पॅनिश चार दिवसांत ऐकतं. हा आकडा ऐकून सभेत जरा शांतता पसरते, पण मग कुणीतरी म्हणतंच, “अहो, पण लहानपणी मेंदू स्पंजासारखा असतो ना?” असतो. पण स्पंज बादलीत बुडवला तर पाणी धरतो, आपण तर त्याच्यावर थेंब थेंब टाकणार आहोत. बार्सिलोना विद्यापीठातल्या कार्मेन मुन्योस यांच्या गटानं शाळेत इंग्रजी शिकणारी मुलं बरीच वर्षं अभ्यासली. आठव्या वर्षी सुरुवात केलेली आणि अकराव्या वर्षी सुरुवात केलेली मुलं सारखेच तास शिकून झाल्यावर ताडून पाहिली, तर उशिरा सुरू केलेली पुढे होती. शाळेच्या तुटपुंज्या तासांत मोठं मूल भराभर शिकतं, कारण शिकायचं कसं हे त्याला कळलेलं असतं.

मग सहाव्या वर्षी कशाला? उच्चार कोवळ्या जिभेवर चांगले बसतात, हे एक. दुसरं म्हणजे त्या वयात लाज नसते. दहाव्या वर्षानंतर मुलगा ‘र्र’ काढायच्या आधी शेजारी कोण बसलंय ते बघतो. तिसरं कारण माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं, ते पुढे ओघात येईल. परीक्षेचं म्हणाल तर आत्ता तो विषयच काढू नका. देले या स्पॅनिशच्या अधिकृत प्रमाणपत्राची शाळकरी मुलांसाठीची परीक्षा ११ ते १७ वयासाठी आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही स्पॅनिशसारख्या परदेशी भाषा माध्यमिक स्तरावर ठेवल्या आहेत. सात वर्षांच्या मुलीला प्रमाणपत्र कुठे दाखवायचंय?

आता मुद्द्याचं. स्पॅनिश इंग्रजीच्या दारातून आणू नका. ती आपल्या ओसरीवरून सरळ आत येते.

हे मला शिकायला पूर्ण एक वर्ष लागलं. माझ्या पहिल्या तुकडीला मी जे साहित्य वापरलं ते सगळं इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं होतं. ‘आय लाइक’ म्हणजे ‘मे गुस्ता’, असं मी फळ्यावर लिहिलं. दुसरीतला एक हुशार मुलगा उठून म्हणाला, “यो गुस्तो मांगो.” चूक त्याची नव्हती. इंग्रजीतला ‘आय’ त्यानं इमानदारीनं स्पॅनिशमध्ये नेला होता. मी चार वेळा दुरुस्त केलं, त्यानं चार वेळा तसंच म्हटलं. शेवटी कंटाळून मी विचारलं, “मराठीत सांग बघू.” तो म्हणाला, “मला आंबा आवडतो.” आणि मीच थबकले. मे गुस्ता एल मांगो. मला, आवडतो, आंबा. वाक्य तेच! अनेकवचन करा: मला आंबे आवडतात, मे गुस्तान लोस मांगोस. आंब्याचे आंबे झाले की दोन्ही भाषांत क्रियापद बदलतं, कारण दोन्हीकडे क्रियापदाचं नातं आंब्याशी आहे, माझ्याशी नाही. इंग्रजी पुस्तकं या एका रचनेसाठी पानंच्या पानं खर्च करतात. आपल्या मुलांना ती दूध पितानाच मिळालेली असते.

तसंच दुखण्याचं. माझं डोकं दुखतंय, मे द्वेले ला काबेसा. माझे पाय दुखतायत, मे द्वेलेन लोस प्येस. दुखणारी वस्तू कर्ता. मुलांना हे समजावून सांगायचंच नाही. पोटावर हात धरून कळवळायचं आणि म्हणायचं, बस्स.

तो-ती चं बघा. निर्जीव वस्तूलाही लिंग असतं, याचं इंग्रजीभाषक मुलाला केवढं आश्चर्य! आपलं मूल वाटी ‘ती’ आणि डबा ‘तो’ हे उपजतच म्हणतं, आणि चांगला-चांगली, काळा-काळी असं विशेषणही फिरवतं. नेग्रो-नेग्रा, रोहो-रोहा त्याला परके वाटत नाहीत. उलट स्पॅनिशमध्ये ‘ते’ नाही म्हणून तेवढं सोपंच. पण लिंगं जुळतील अशी खात्री नको. माझ्या वर्गात ‘ला लूना’ आली तेव्हा एका चिमुरडीनं हात वर केला, “ताई, चंद्र मुलगी?” हो, म्हटलं, त्यांच्याकडे ती. ती थोडा वेळ विचारात पडली आणि म्हणाली, “मग चांदोमावशी!” त्या तुकडीत वर्षभर चांदोमावशीच राहिली. लूना स्त्रीलिंगी, हे त्यांना पुन्हा सांगावं लागलं नाही.

तिथूनच वार शिकवा. लूनावरून लुनेस, म्हणजे सोमवार. सोम म्हणजे चंद्र, हे बऱ्याच मुलांना माहीत नसतं, ते तिथे कळतं. मार्तेस मंगळाचा, म्येर्कोलेस बुधाचा, ह्वेवेस गुरूचा, व्येर्नेस शुक्राचा. सोमवार ते शुक्रवार आकाशातली तीच मंडळी त्याच क्रमानं. शनिवारी-रविवारी मात्र वाटा वेगळ्या होतात: साबादो ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसावरून आला आणि दोमिंगो म्हणजे प्रभूचा वार. ग्रहांची चित्रं भिंतीवर लावली की झालं.

आणि आपल्या इंदुरी मराठीची एक गंमत. ‘मी जेवून राहिलोय’, ‘काय करून राहिलास’ यावर पुण्याचे पाहुणे हसतात. हसू देत. एस्तोय कोमियेन्दो म्हणजे शब्दशः तेच, ‘खाऊन राहिलोय’. के एस्तास आसियेन्दो? काय करून राहिलास? पुण्याच्या मुलाला हे ‘खातोय’ वरून न्यावं लागतं, आपल्या मुलाला जसंच्या तसं मिळतं. मी वर्गात ‘करून राहिलो’ला कधीही चूक म्हणत नाही.

आता तोंडाकडे वळू. उच्चारात आपण किती नशीबवान आहोत याची बऱ्याच शिक्षकांना कल्पना नसते. स्पॅनिश ‘त’ आपला दंत्य त आहे, ‘द’ही जवळपास आपलाच. क, प बिनमहाप्राणाचे, जसे आपले. स्वर पाच, स्वच्छ: आ, ए, इ, ओ, उ. अडचण एकच. मुलांनी स्पॅनिश शब्द आधी जाहिरातीत, इंग्रजी तोंडातून ऐकलेले असतात. म्हणून ताकोचा ‘टॅको’ होतो आणि तोमातेचा ‘टोमॅटे’. ट दिसला की मी टाळी वाजवते आणि जीभ दातांना टेकवून दाखवते. दोन आठवड्यांत ट हद्दपार.

‘र्र’ साठी आपल्या भाषेत केवढं भांडार पडलंय बघा: भुर्रकन, सर्रकन, गर्रकन, टर्रकन. मी पहिल्या दिवशी सगळ्यांना चिमण्या करते. हात पसरायचे आणि भुर्रर्र करत वर्गभर उडायचं. दमून बसली की कुत्र्याचं चित्र दाखवायचं: पेर्रो. मग एक र असलेलं पेरो, म्हणजे ‘पण’. दोन्हीतला फरक त्यांच्या कानाला लगेच कळतो. ‘न्य’ आपल्याकडे ‘न्याहारी’त आहे. आन्यो म्हणजे वर्ष, त्यातला न्य नीट म्हणवून घ्या, कारण नुसता न आला तर शब्द भलत्याच अवयवाचा होतो आणि वय सांगताना पंचाईत होते. ‘जे’ या अक्षराचा उच्चार स्पेनमध्ये घशातून खरखरीत येतो, तर कॅरिबियन बेटांवर आणि मध्य अमेरिकेत साधा ह चालतो. मुलांना ह द्या. ‘ग्रासियास’ की स्पेनमधलं ‘ग्राथियास’, यातलं एक निवडा आणि वर्षभर तेच ठेवा. मी लॅटिन अमेरिकेचं निवडलं, माणसं तिकडे जास्त आहेत.

एक गोष्ट मात्र आपल्याला जड जाते, ती म्हणजे आघात. मराठीत शब्दाच्या कुठल्या भागावर जोर दिला यानं अर्थ सहसा बदलत नाही, स्पॅनिशमध्ये बदलतो. ‘पापा’त पहिल्या पा वर जोर दिला तर लॅटिन अमेरिकेत बटाटा, दुसऱ्यावर दिला तर बाबा. एका मुलीनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, “माझा बटाटा बँकेत काम करतो.” वर्ग लोटपोट. त्यानंतर आम्ही जोर असेल तिथे पाय आपटायचा खेळ सुरू केला आणि बाबांना पुन्हा कुणी बटाटा केलं नाही.

हसण्यावरून आठवलं, काही शब्द आधीच सांगून टाका, नाहीतर मुलं दुसरीकडून ऐकून येतील आणि तासिका हातची जाईल. ‘मामा’ म्हणजे आई. स्पेनमधल्या पहिलीच्या वाचनातलं पिढ्यान्‌पिढ्या घोकलेलं वाक्य आहे ‘मि मामा मे मिमा’, म्हणजे आई माझे लाड करते. आपल्या मुलांना ते मामानं लाड केल्यासारखं ऐकू येतं, तेही खोटं नाही. ‘काका’ हा तिकडच्या बाळांचा शी-साठीचा शब्द आहे. आणि लसणीला म्हणतात ‘आहो’. हे कळल्यावर एका मुलानं घरी जाऊन जाहीर केलं की आजी आजोबांना दिवसभर लसूण म्हणते. आजींनी मला फोन करून विचारलं, “काय शिकवताय हो?”

काका-मामांचं खरं दुःख वेगळंच आहे. स्पॅनिशमध्ये काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान सगळे एकच: तियो. मुलं हे मान्यच करत नाहीत. “पण मामाच्या गावाला जातात, काकाच्या नाही!” असा युक्तिवाद मी ऐकलाय. त्यावर वाद घालू नका. नात्यांचं झाड काढायला सांगा, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश. मराठी बाजू भरगच्च होते, स्पॅनिश बाजूला चार-पाच शब्द. ‘भाषा वेगळ्या म्हणजे काय’ याचं याहून चांगलं चित्र मला अजून सापडलेलं नाही.

नाव सांगायची रीत हाही असाच एक धडा. तिकडे माणसाला दोन आडनावं असतात, पहिलं वडिलांकडचं, दुसरं आईकडचं, आणि लग्नानंतर बाईचं आडनाव सहसा तेच राहतं. समजा मुलगी कुलकर्णी आणि आईचं माहेरचं आडनाव दिघे, तर ती कुलकर्णी दिघे. मुलांना गृहपाठ द्या: आईचं माहेरचं आडनाव विचारून या. निम्म्या मुलांना ते ठाऊकच नसतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं उभं राहून ‘मे यामो…’ म्हणत पूर्ण नाव सांगायचं. त्या दिवशी मुलांना न्यायला आलेल्या आया दारात जरा जास्त वेळ रेंगाळतात.

वाचन-लेखनाचं काय? पहिले दोन-अडीच महिने वही नको, फळाही नको. आपली मुलं इंग्रजी माध्यमातली, रोमन अक्षर दिसलं की त्यांची जीभ इंग्रजी होते. सी-ओ-एम-ई लिहिलंत की ‘कम’ वाचतील, तिथे ‘कोमे’ हवं. ओ-एन-सी-ई ला ‘वन्स’ म्हणतील, तो आहे ‘ओन्से’, अकरा. पी-आय-ई ला ‘पाय’ म्हणतील. उच्चार चुकला, कारण तो ‘प्ये’ आहे, पण अर्थ काय? पाय! आणि हा नुसता योगायोग नाही. लॅटिनचा पेस आणि संस्कृतचा पाद एकाच मुळाचे, एकातून प्ये आला आणि दुसऱ्यातून पाय. द्येन्ते आणि दात, नोम्ब्रे आणि नाव, नुएवो आणि नवा, दोस-त्रेस आणि दोन-तीन, हे सगळे दूरचे भाऊबंद. मोठ्या मुलांना, म्हणजे आठ-नऊवाल्यांना, हे शोधायला फार आवडतं.

शब्द घरी न्यायचाच असेल तर देवनागरीत लिहून द्या. ‘ओला’ (म्हणजे हॅलो) असं. रोमनमध्ये दिलंत की घरी ताई-दादा त्याचं ‘होला’ करतात आणि तुमची आठवड्याची मेहनत पाण्यात. देवनागरीत सगळं बसत नाही, आघात तर बसतच नाही, पण आजी वाचू शकते. आजीनं वाचणं मला महत्त्वाचं वाटतं. हेच ते तिसरं कारण. आपल्याकडची बरीच मुलं मराठी बोलतात, पण मराठी वाचन त्यांना शाळेत नाही, देवनागरी येते ती हिंदीपुरती. पालक मला विचारतात, स्पॅनिश वर्गात मराठी कशाला, इंग्रजीतून शिकवा ना, स्टँडर्ड वाटेल. मी ऐकून घेते आणि माझंच करते. मराठीला घराबाहेर एक काम मिळतं, तेही असं काम जे इंग्रजीला जमत नाही, हे मुलांच्या लक्षात येतं. बोलून दाखवत नाहीत, पण येतं.

तासिकेत नक्की करायचं काय? पहिले कित्येक आठवडे फक्त हुकूम. लेवान्तेन्से, उठा. स्येन्तेन्से, बसा. साल्तेन, उड्या मारा. तोकेन्से ला नारीस, नाकाला हात लावा. जेम्स अॅशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली: आधी अंगानं समजू द्यायचं, बोलायची सक्ती नाही. सात वर्षांच्या पोरांना शाळेतून सहा तास बसून आल्यावर याहून मानवणारं काही नाही. तुम्ही आधी स्वतः करा, मग बोलत करा, मग नुसतं बोला. एखादं मूल दीड महिना गप्प राहील. राहू द्या. माझ्याकडे एक मुलगा दिवाळीपर्यंत एक अक्षर बोलला नाही, उड्या मात्र बरोबर मारायचा. दिवाळीनंतर एकदम पूर्ण वाक्यं. आई म्हणाली, घरी बाहुल्यांना रोज हुकूम सोडत होता.

एक हातबाहुली ठेवा, जिला स्पॅनिशशिवाय काही येत नाही. तुम्हाला मराठी येतं हे मुलांना माहीत आहे, त्यामुळे तुमच्याशी ती मराठीच बोलणार. बाहुलीशी नाइलाज असतो. माझ्या बाहुलीचं नाव पेपा. तिचा एक डोळा केव्हाच पडलाय, मुलं शिवू देत नाहीत.

आठवड्यात एकदाच दीड तास, असं करू नका. रविवारी सकाळची मोठी तासिका पालकांना सोयीची असते, पण मुलं चाळीस मिनिटांनंतर पोहे-जिलबीकडे लागलेली असतात. दोनदा ३५ मिनिटं, जमलं तर तीनदा २५. चूक झाली तर ‘चूक’ म्हणू नका, बरोबर वाक्य सहज म्हणून पुढे चला.

आता संस्कृती. इथे माझी एक जुनी तक्रार सांगते. एका शाळेत मी काही काळ शिकवत होते. स्नेहसंमेलनात ‘स्पॅनिश नृत्य’ हवं म्हणून त्यांनी मुलांना मोठ्या काठाच्या मेक्सिकन टोप्या घातल्या, मुलींना स्पेनच्या अंदालुसियातले झालरींचे झगे, आणि मागे लावलं भलतंच गाणं. मेक्सिको ते अंदालुसिया मध्ये अख्खा अटलांटिक आहे. मी बोलले, तर उत्तर मिळालं, “मॅडम, कलरफुल दिसायला पाहिजे.” स्पॅनिश ही २० स्वतंत्र देशांची अधिकृत भाषा आहे, आणि ती बोलणारी सगळ्यात जास्त माणसं मेक्सिकोत आहेत, स्पेनमध्ये नाहीत. टोपी घालून संस्कृती कळत नाही, हे त्या दिवशी पटलं. तेव्हापासून मी मुलाच्या अंगाला चिकटलेल्या गोष्टींपासून सुरू करते.

सहा-सात वर्षांच्या वर्गात दर आठवड्याला कुणाचा तरी दात पडतो. आपल्याकडे तो छपरावर फेकायचा किंवा उंदराच्या बिळात टाकायचा, म्हणजे उंदरासारखे दात येतात. पण आपल्या मुलांना इंग्रजी गोष्टींमधली दातांची परीच जास्त ओळखीची झालीय. मी सांगते की स्पेनमध्ये परी येत नाही, उंदीरच येतो, त्याचं नाव रातोन्सितो पेरेस. स्पेनच्या राजघराण्यात बालराजा आल्फोन्सो तेरावा याचा दुधाचा दात पडला, तेव्हा १८९४ च्या सुमारास लुईस कोलोमा या पाद्री-लेखकाला त्याच्यासाठी गोष्ट लिहायला सांगितली. राजा तेव्हा आठ वर्षांचा. गोष्टीतला उंदीर माद्रिदच्या आरेनाल रस्त्यावर ८ क्रमांकाच्या घरात बिस्किटांच्या डब्यात राहतो, आणि तिथे आज त्याच्या नावाची पाटी आहे. उशीखाली दात ठेवायचा, रात्री पेरेस येतो, दात नेतो, काहीतरी ठेवून जातो. आता माझ्या वर्गात कुणाचा दात पडला की तो रुमालात गुंडाळून येतो. सगळे जमतात, दात मोजला जातो, ‘मे फाल्ता उन द्येन्ते’ म्हटलं जातं, म्हणजे माझा एक दात नाहीये. मग त्या दिवशीचा पेरेस कोण, यावर भांडण. अर्धी तासिका जाते. जाऊ द्या.

दुसरी जागा म्हणजे ताट. एकादशीच्या आसपास साबुदाण्याची खिचडी करून आणा. साबुदाणा ज्या कंदाचा, तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणे तिकडचेच. बटाटा आंदेस पर्वतातला, मिरची मेक्सिकोची. आपल्या उपासाच्या पातेल्यातून अमेरिका खंड काढला तर जिरं, तूप, खोबरं आणि कोथिंबीर उरते. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातला भुट्ट्याचा कीस ज्या मक्याचा, तोही मेक्सिकोचा. तिथे त्याच मक्याच्या रोज भाकऱ्या होतात, त्यांना तोर्तिया म्हणतात. दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडूही तिकडचाच. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला घरातली गेलेली माणसं परत येतात असं मानतात, त्यांच्यासाठी तोच झेंडू पसरतात, त्यांच्या आवडीचं जेवण मांडतात. ‘म्हणजे पितृपक्ष!’ हे मुलांनीच म्हटलं पाहिजे, तुम्ही म्हणू नका. आणि सारखंच आहे असंही म्हणू नका. तिकडे साखरेच्या कवट्या असतात, गाणीबजावणी असते, आपल्याकडे नसतं. कुठल्या घरात अलीकडेच कुणी गेलं असेल तर त्या वर्षी हा विषय गाळा.

उलट दिशेनं गेलेलंही दाखवा. साखर आपल्याकडून निघाली, फारसी-अरबीतून फिरत स्पेनला पोचली आणि आसूकार झाली. नारंगीची नारान्हा झाली. आणि पाव-पान असं जोडपं दिसतं कारण पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण आणि तिनं हा शब्द आपल्याकडे सोडला.

रंगपंचमीची गेर, म्हणजे आपली रंगांची मिरवणूक, संपली की बुन्योलची गोष्ट काढा. स्पेनच्या या छोट्या गावात ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी माणसं एकमेकांना पिकलेले टोमॅटो मारतात. राजवाड्यापाशी टँकरच्या रंगात भिजलेल्या मुलांना ते अजिबात विचित्र वाटत नाही. एकानं फक्त विचारलं, “आणि कपडे कोण धुतं?”

घड्याळाचा खेळही चांगला. इंदूरला रात्रीचे साडेआठ म्हणजे मेक्सिको सिटीत सकाळचे नऊ. आपण जेवून राहिलोय, ते शाळेत बसून राहिलेत. तिकडे कुणी ओळखीचं असेल तर दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल करा, त्याहून लांब नको.

शेवटचं. मुलं अशा वस्तूंची नावं विचारतील जी तुम्हाला येणार नाहीत. तेव्हा ठोकून देऊ नका, ‘नो से’ म्हणा, म्हणजे मला माहीत नाही, आणि पुढच्या तासिकेला सांगा. मला एका थंडीत, तिसरीतल्या एका मुलानं आदल्या रात्रीच्या सराफ्याच्या नशेत विचारलं, “प्रोफे, गराडूला काय म्हणतात?” गराडू म्हणजे थंडीत तळून, मसाला भुरभुरून खातात तो कंद. नो से, म्हटलं. घरी येऊन शोधलं. पुढच्या वेळी आत शिरताच सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, विसरले असेन असं त्यांना वाटलं असावं. “न्यामे,” मी म्हटलं. “न्याहारीतला न्य?” त्यानं विचारलं. “तोच.” मग पुढची पाच मिनिटं सगळे मिळून मसाला भुरभुरल्याचं नाटक करत ‘मे गुस्ता एल न्यामे’ ओरडत होते, आणि पेपाला तिखट लागलं म्हणून पाणी पाजावं लागलं.